स्विफ्टला अलॉय लावण्याआधी

मित्रा, १७ इंची अलॉयचा, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांचा, नाद सोड. चाक मोठं झालं की टायरची भिंत बुटकी होते आणि खड्ड्याचा मार थेट रिमवर, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकावर, येतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझी एक रिम वाकली, टायरच्या भिंतीला फुगा आला. तेव्हापासून मी १५ इंचांच्या वर जात नाही.

तुझ्या गाडीला कंपनीचा टायर १६५/८० आर१४ आहे, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ येतो. हिशोब करून बघ: पहिल्याचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. म्हणजे स्पीडोमीटर जवळपास बरोबरच दाखवेल. हेच १८५/६५ आर१५ माप घे.

रिम घेताना चार नट, १०० मिलिमीटर पीसीडी (नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) एवढं जुळलं म्हणून खूश होऊ नकोस. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला गोल ५४.१ मिलिमीटरचा. रिमचं भोक मोठं असेल तर मधली फट भरणारी मापाची हब रिंग मागून घे, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. नटही अलॉयच्या बैठकीला, म्हणजे नट टेकतो त्या जागेच्या आकाराला, जुळणारेच हवेत.

टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे स्वतः वाच; ती टायर बनल्याची तारीख. २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. दुकानदार "नवीनच आहे" म्हणेल, तरी वाच. पैसे कमी पडले तर रिम राहू दे, टायर चांगले घे. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागतो तो रबरामुळे. दोनच बदलणार असशील तर नवे मागे टाक.

आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळून घे.