व्हाउचर आणि २५ टक्के प्रवेश

प्रश्न : शाळांना अनुदान देण्याऐवजी सरकारने पालकांनाच व्हाउचर द्यावे, असे म्हणतात. आपल्याकडील २५ टक्के प्रवेशाची योजना म्हणजे तेच नव्हे काय?

उत्तर : दोहोंत साम्य आहे, पण ती एकच नव्हेत. व्हाउचर पद्धतीत पालक शाळा निवडतात आणि सरकारी पैसा मुलापाठोपाठ त्या शाळेत जातो. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मात्र खासगी विनाअनुदानित शाळांना (अल्पसंख्याक शाळा वगळून) प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. अर्ज जास्त आले की सोडत निघते, आणि सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा शाळेची फी यांपैकी कमी असेल ती रक्कम शाळेला मिळते. ही प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, ही संस्थाचालकांची तक्रार रास्तच आहे. पालकांची अडचण वेगळी : आठवीपर्यंत फी माफ, नववीत पूर्ण फीची पावती हातात.

निवड किती नाजूक असते, हे २०२४ मध्ये दिसले. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून सूट देणारा नियम राज्याने केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला.

चिलीने १९८१ पासून व्हाउचर राबवले. तेथे शाळाच मुले निवडू लागल्या, वर जादा फीही घेऊ लागल्या. अखेर २०१५ च्या कायद्याने दोन्ही टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. म्हणून, शाळेला नकाराची मुभा असेल तर व्हाउचरला माझा विरोध राहील.