जुन्या फोटोतली जागा शोधताना

प्रिय,

आजोबांचा डोंगरापुढचा फोटो पाठवलास आणि विचारलंस, की नेमकं तिथेच उभं राहून तसाच फोटो काढायचा तर कसा. ‘तिथेच कुठेतरी’ एवढ्यावर भागणार असेल तर काही शिकायला नको. पण घरात ‘आपला डोंगर, आपली झाडी’ म्हणून जे सांगत आले, त्यातलं किती खरं हे पाहायचं असेल, तर कॅमेऱ्याची जागा अर्ध्या मीटरच्या आत गाठायला हवी. आणि चौकटीत जवळचं काही असेल तर ती गाठता येते.

हे काम काही नवं नाही. १८८०च्या दशकात आल्प्समधल्या हिमनद्यांची मोजणी करताना जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी फोटोंचा असाच उपयोग केला. १९७७ ते १९७९ या काळात छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात, शंभरेक वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणातले फोटो जिथून घेतले होते त्या जागा पुन्हा शोधल्या. रीत तीच, तुझ्या हातात फक्त फोन आहे.

निघण्याआधी फोटो ६०० डीपीआयला स्कॅन कर, मागची बाजूसुद्धा. पेन्सिलीतली पुसट तारीख बरेचदा तिथेच असते. अल्बमला चिकटलेला असेल तर ओढून काढू नकोस, पानासकट स्कॅन कर. मग सदऱ्याची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघ. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो कमी नसतात, आणि तसं असेल तर दिवसभर फिरूनही काहीच जुळणार नाही.

आता खुणा. डोंगराची कड आणि मोठे खडक भरवशाचे. झुडपं, कुंपणं, पायवाटा नाहीत. जुनं झाड उभं असेल तर त्याचं बेचकं उपयोगी पडतं. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे खोड जाड झालं तरी बेचकं जमिनीपासून होतं त्याच उंचीवर राहतं.

जागेवर पोचल्यावर आधी डावी-उजवी बाजू जुळव. जवळच्या खडकाचा कोपरा मागच्या ज्या सुळक्याखाली दिसतो, तो तसाच दिसेपर्यंत आडवं सरक. मग पुढे-मागे, आणि इथे नजरेवर विसंबू नकोस, मोज. समज, जुन्या प्रिंटवर जवळच्या दोन खडकांमध्ये ३० मिमी अंतर आहे आणि लांबच्या दोन शिखरांमध्ये २० मिमी, म्हणजे प्रमाण १.५. तुझ्या फोटोत तेच प्रमाण १.८ आलं, तर तू फार पुढे आहेस. १.८ भागिले १.५ म्हणजे १.२, खडक आत्ता १० मीटरवर असतील तर ते १२ मीटरवर हवेत, म्हणजे दोन मीटर मागे जा. शिखरं खूप लांब असल्यामुळे तुझ्या दोन मीटरांनी त्यांच्यात फरक पडत नाही, म्हणून हा हिशोब जमतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती फोनमुळे. फोनची मुख्य लेन्स बहुधा जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा बरीच रुंद बघते. डोंगर लहान दिसतो, म्हणून माणूस पुढे चालत जातो आणि जागा हुकते. डोंगर लहान दिसू दे. जवळच्या-लांबच्या वस्तूंचं नातं फक्त तू कुठे उभा आहेस यावर ठरतं, लेन्सवर नाही. कडा घरी कापता येतात. दुसरी चूक उंचीची. जुने बॉक्स कॅमेरे पोटाशी-छातीशी धरून वरून बघायचे होते. डोळ्यापाशी फोन धरलास तर पुढचा दगड मागच्या कडेच्या तुलनेत खाली जातो. गुडघे वाकवून पाहा, लगेच कळेल.

सावल्या जुळायच्या असतील तर दिवस आणि वेळ दोन्ही धरावे लागतात. जूनच्या अयनदिनाच्या, म्हणजे २१ जूनच्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या, दोन्ही बाजूंना सूर्याची वाट सारखीच असते: १० मेची सावली साधारण २ ऑगस्टलाही मिळते. पण दोन्ही वेळची हिरवळ वेगळी, हे मात्र ध्यानात ठेव. एका फोटोत डोंगर उजाड आणि दुसऱ्यात हिरवा दिसला म्हणून लगेच जंगल वाढलं किंवा तुटलं असं ठरवू नकोस. ऋतू आधी तपास. रंगाचंही तेच. बऱ्याच जुन्या कृष्णधवल फिल्मना लाल रंग टिपता येत नसे, त्यांच्यावर तांबडी माती काळी उमटते. आणि घरच्या आठवणीतली दाट झाडी जुन्या फोटोत मुळी नसेलच, तर तेही मान्य करण्याची तयारी ठेव. माझ्या मते याच कामासाठी एवढी मोजामोज करायची. नाहीतर वारसा म्हणजे प्रत्येकाने आपल्या सोयीने रंगवलेलं चित्र.

आज ती जमीन ज्यांची आहे त्यांना आधी भेट, परवानगी घे, एक प्रत दे. खडक पाहताक्षणी ओळखणारं माणूस बहुधा तिथेच असतं, आणि जागेवर तुझ्याइतकाच त्यांचाही जीव असतो.

नोंद जागेवरच कर. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतं, झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून न हलणाऱ्या तीन खुणांपासून टेपने अंतर मोजून लिही. सोबत लेन्सची जमिनीपासून उंची, होकायंत्राची दिशा, तारीख, वेळ.

जागाच पाण्याखाली किंवा भिंतीआड गेली असेल तर जवळात जवळ जिथे उभं राहता येईल तिथून फोटो घे, आणि किती व कोणत्या दिशेला सरकावं लागलं ते त्याखाली लिही. संगणकावर ताणून जुळवायला जाऊ नकोस: डोंगर जुळवलास की खडक सुटतो, खडक धरलास की डोंगर.