वाचकांचे प्रश्न : पाकीट, पुडा आणि त्यावरचं चित्र

पॅकेजिंग आणि चित्रांबद्दल नाशिक जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून, पत्रं थोडी आटोपशीर करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमचा बेदाण्याचा घरगुती व्यवसाय आहे. २५० ग्रॅमच्या तपकिरी क्राफ्ट पाउचसाठी चित्रकाराकडून द्राक्षमळ्याचं जलरंगातलं चित्र करून घेतलं. कॉम्प्युटरवर सुंदर दिसत होतं. छापून आलं तर सगळं मातकट! शिवाय दुकानात चार पाकिटांत आमचं पाकीट दिसतच नाही. चूक चित्रकाराची की छापखान्याची?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : बहुधा दोघांचीही नाही. चित्र आधी झालं आणि ते कशावर छापायचं हे नंतर ठरलं, तिथेच गणित बिघडलं.

चार रंगांच्या छपाईची शाई पारदर्शक असते. खालच्या पांढऱ्या कागदावरून उजेड परत येतो म्हणून रंग खुलतो. तपकिरी क्राफ्टवर तो उजेड मिळत नाही, त्यामुळे फिकट हिरवा, आकाशी, पिवळा हे रंग कागदात बुडतात. तग धरतात ते काळा, गडद हिरवा, किरमिजी. जलरंगाची सगळी मजा फिकट छटांत असते, आणि नेमक्या त्याच गेल्या.

यावर उपाय तीन. पहिला, रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर मागणं. त्यासाठी डिझायनरने फाइलमध्ये पांढऱ्याची वेगळी प्लेट द्यायची असते. ती दिली नाही तर छापखाना स्वतःहून देत नाही. (चकचकीत चंदेरी फिल्मवर तर पांढरा थर नसेल तर अक्षरंही वाचवत नाहीत.) दुसरा, क्राफ्ट तसाच ठेवून चित्र एक-दोन गडद रंगांच्या रेषाचित्रात बदलणं. तिसरा आणि लहान उद्योगाला सगळ्यात परवडणारा, म्हणजे कोरा पाउच आणि त्यावर पांढऱ्या कागदाचं छापील लेबल. लेबल पाउच रिकामा, सपाट असतानाच चिकटवा; माल भरल्यावर लावलं तर हमखास सुरकुत्या पडतात. ग्रॅव्हुअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईने, छापील पाउच करायचा तर प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो. आठ रंगांचं चित्र म्हणजे आठ सिलिंडर. खप स्थिरावल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आता दुसरी तक्रार, पाकीट दिसत नाही ही. तुमचा पाउच १६ बाय २३ सेंटिमीटरचा धरू. वर सील, फाडायची खाच आणि झिप यांत साडेचार सेंटिमीटर जातात. खालचे चार तळाच्या घडीत वळतात. माल भरला की पोट फुगतं आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन सेंटिमीटर मागे झुकतात. समोरून दिसायला उरतं साधारण १२ बाय १४. एवढ्या जागेत डोंगर, मळा, मांडव, बैलगाडी आणि सूर्योदय मावत नाही. त्यातलं काहीही दुकानात ओळखू येत नाही. एक घोस पुरे. किंवा घोसही नको, नुसता बेदाणा काढा. मात्र तो काढणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण लहान आकारात बेदाणे काळ्या गोळ्यांसारखे दिसतात. सुरकुतीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ, अर्धपारदर्शक कड आणि आकार कळावा म्हणून शेजारी वाटी किंवा चिमूट, एवढं असलं की बेदाणा बेदाणा वाटतो. पारदर्शक खिडकी ठेवायचा मोह होईल. हिरव्या बेदाण्यासाठी तो टाळा, कारण उजेडाने त्याचा रंग काळवंडतो.

छापायला देण्यापूर्वी एक चाचणी करा. डिझाइन मूळ आकारात साध्या कागदावर छापा, भरलेल्या पाउचवर चिकटवा, बाजारातल्या तीन पाकिटांमध्ये ठेवा आणि दुकानात असतो तशा ट्यूबलाइटखाली सहा-सात फुटांवरून बघा. मग मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. नाव आणि चित्र एकाच करड्या छटेत मिसळलं असेल तर रंग कितीही सुरेख असोत, उपयोग नाही. आधी छटांमधला फरक वाढवा, रंगांचा विचार नंतर.

प्रश्न : चिवड्याच्या लेबलवर मराठी मजकूर छापला की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. ‘साऱ्यांना’ हा शब्द ‘सार्यांना’ असा छापून आला. शिवाय लेबल पूर्ण मराठीत ठेवलं तर चालतं का?
— गृहउद्योग चालवणाऱ्या एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : फुटण्याची कारणं दोन, आणि ती वेगळी ओळखावी लागतात. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल आणि छापखान्याकडे तो फाँट नसेल तर सगळी अक्षरं निरर्थक चिन्हं होतात. मजकूर युनिकोडमध्ये असून फक्त वेलांटी आणि जोडाक्षरं बिघडत असतील तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नाही. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात इंडिक पर्याय सुरू करून परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर लावायचा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. ‘साऱ्यांना’मधला र मात्र टाइप करतानाच नुक्तावाला ‘ऱ’ घेऊन लिहावा लागतो. साधा ‘र’ घेतला तर पुढच्या अक्षरावर रफार बसणारच.

मजकूर पक्का झाला की अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत बदला, पण संपादन करता येईल अशी मूळ फाइल जपून ठेवा. आउटलाइन केल्यानंतर जाड किनार द्यायची असेल तर आधी शब्दातले सगळे आकार एकत्र जोडून घ्या. नाहीतर प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत उभी चीर दिसते. शहरात फिरताना दुकानांच्या पाट्यांवर ही चीर जागोजागी भेटते. अक्षरांतलं अंतर वाढवून इंग्रजीसारखं ‘ऐसपैस’ करू नका, शिरोरेषा तुटते. आठ पॉइंटच्या देवनागरीला ओळीचं अंतर ११-१२ पॉइंट हवं, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात. सहा पॉइंटच्या खाली अनुस्वार शाईत बुजतो. बारीक मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळून केलेला काळा जरा सरकला की अक्षरांना रंगीत सावली पडते. आणि मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये ‘मराठी’ निवडली तर चांगल्या फाँटमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. मुक्तासारख्या मोफत फाँटवर सुरुवात करायला हरकत नाही.

पूर्ण मराठी लेबल चालत नाही. कायद्याने आवश्यक असलेली माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावीच लागते. मराठी तिच्या जोडीला हवी तेवढी द्या. समोरचं नाव, चित्र, चार ओळींची ओळख मराठीत, आणि मागचा माहितीचा चौकोन इंग्रजीत, ही विभागणी सोयीची पडते. त्या चौकोनात पदार्थाचं नाव, घटक, पोषणमूल्य, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रतिएकक किंमत, तारखा, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, ग्राहकांसाठी संपर्क आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक येतो. ग्रॅमसाठी रोमन लिपीतला एकच छोटा ‘जी’ लिहायचा, ‘जीएमएस’ नाही. शाकाहाराचं हिरवं चिन्ह शोभेसाठी लहान करता येत नाही: दर्शनी भागाचं क्षेत्रफळ १०० चौ. सें.मी.पर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ३ मि.मी., त्यापुढे ५००पर्यंत ४ मि.मी., आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट. या सगळ्याला जागा लागते. ती चित्र काढण्याआधी आखून घ्या.

प्रश्न : बारकोड डिझाइनशी जुळावा म्हणून लाल केला. आता बिलिंग काउंटरवर वाचला जात नाही.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. त्याला लाल पट्टे पांढरेच दिसतात. काळा, गडद निळा किंवा गडद हिरवा पट्टा आणि पांढरी जमीन (पार्श्वभूमी) घ्या. नेहमीच्या १३ आकडी बारकोडचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मि.मी.; तो ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा खाऊ नका. घडीवर, सीलवर, पाउचच्या तळाच्या वळणावर बारकोड नको. अरुंद बाटलीवर पट्टे आडवे, शिडीच्या पायऱ्यांसारखे ठेवा.

प्रश्न : २०२७च्या सिंहस्थासाठी पेढ्यांचे नवे बॉक्स करतोय. नमुन्यात तीन दोष आले: घडीवर गडद रंग फुटून पांढरी रेघ दिसते, बाजू फुगतात आणि चिकटवलेली कड उघडते. वर प्रभू रामाचं चित्र घ्यावं असं घरच्यांचं म्हणणं आहे.
— एक मिठाई व्यावसायिक, पंचवटी

उत्तर : घडीवर रंग फुटतो कारण गडद शाईचा जाड थर आणि खालचा लेप वाकताना ताणला जातो. लॅमिनेशन केलं तर बरंच थांबतं. क्रीझची, म्हणजे घडीसाठी बोर्ड दाबतात ती, खाचही तपासून घ्या: बोर्डाच्या जाडीची दीडपट अधिक क्रीझ पट्टीची जाडी, एवढी रुंदी लागते. ०.४ मि.मी. बोर्ड आणि ०.७ मि.मी. पट्टी असेल तर खाच १.३ मि.मी. त्यापेक्षा अरुंद खाचेत बोर्ड दबून फाटतो. रंगबदल बरोबर घडीच्या रेषेवर आखू नका. डाय (बॉक्स कापायचा साचा) अर्धा-एक मि.मी. इकडेतिकडे होतोच आणि दुसऱ्या बाजूचा रंग समोर डोकावतो. रंग घडीपलीकडे दोनेक मि.मी. न्या.

बाजू फुगतात म्हणजे बोर्डाच्या तंतूंची दिशा चुकली असावी. तंतू बॉक्सभोवती आडवे, उभ्या घड्यांना काटकोनात हवेत. बोर्डाच्या एका तावावर जास्त नग बसवण्यासाठी डाय फिरवला जातो, आणि दिशा बदलते. छापखान्याला हे ऑर्डरवर लिहूनच द्या. पाव किलोला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) बोर्ड पुरतो. अर्ध्या किलोला ३५०.

चिकटवायची कड १२ ते १५ मि.मी.ची, आणि तिच्यावर शाई, वॉर्निश, लॅमिनेशन काही नको. नमुन्यात बहुधा पूर्ण तावावर लॅमिनेशन झालंय. आत बटर पेपर घाला, पेढ्यातलं तूप बोर्डात उतरतं. छापील बाजू पदार्थाला लागू देऊ नका.

देवाच्या चित्राबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: नको. पेढे संपल्यावर बॉक्स कुठे जातो ते पर्वणीनंतर गोदाघाटावर एक चक्कर मारली की दिसेल. पंचवटीकडे आकार कमी नाहीत: पाच वड, रामकुंडाच्या पायऱ्या, काळाराम मंदिराचं काळ्या पाषाणातलं शिखर. शिखर काढणार असाल तर चित्रकाराला देवळासमोर बसून रेखाटनं करू द्या. इंटरनेटवरून उचललेलं कुठलंही शिखर नाशिककर लगेच ओळखतात, आणि काळारामच्या नावाखाली त्र्यंबकेश्वर छापलं गेलं तर बोलणी खावी लागतील.

प्रश्न : क्लायंट प्रत्येक वेळी म्हणतात, ‘लोगो मोठा करा.’ काय उत्तर द्यावं?
— एक चित्रकार, नाशिकरोड

उत्तर : त्यांची तक्रार खरी असते, उपाय चुकीचा असतो. नाव दिसत नाही, एवढंच त्यांना सांगायचं असतं. नावामागचं चित्र शांत करा, भोवती एका अक्षराएवढी मोकळी जागा सोडा, दोन्हींच्या छटांत फरक वाढवा. मग जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून लांबून दाखवा. तरीही मोठा हवा असेल तर करा. पैसे त्यांचे आहेत.

प्रश्न : स्ट्रॉबेरी जॅमच्या बरणीवर वारली चित्रं घ्यायची आहेत. इंटरनेटवरून घेतलेली छापली, तर पांढऱ्या रेषा बुजल्या. या चित्रांना परवानगी लागते का?
— महिला बचत गट, सुरगाणा

उत्तर : रेषा बुजण्याचं कारण असं की तुमची गेरूची जमीन तीन-चार शाया एकावर एक छापून झाली आहे. पांढरी रेषा म्हणजे तिथे शाई नसलेली फट. शाया केसभर सरकल्या की फट भरते. जमीन एकाच खास गेरू शाईत छापायला सांगा, मग अर्धा पॉइंटची रेषाही टिकते. चार रंगांतच करायचं असेल तर रेषा पाऊण ते एक पॉइंट ठेवा. लेबलसाठी चित्रं वेगळी, मोजक्या आकृत्यांची काढून घ्या. भिंतीवरचा तारपा नाच आठ सेंटिमीटरच्या लेबलवर नुसता गोंधळ दिसतो. मूळ चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा. सॉफ्टवेअरला आपोआप रेषा गुळगुळीत करू देऊ नका, हाताची थरथर निघून गेली की चित्र निर्जीव होतं. लग्नातला देवचौक ही पूजेची गोष्ट आहे, तिची जॅमच्या बरणीला किनार करू नये.

परवानगी लागतेच. शैली जुनी असली तरी एखादं चित्र ज्याने काढलं त्याचा त्यावर हक्क असतो, आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. तुमच्या भागातल्याच वारली चित्रकाराकडून काम करून घ्या. करार तोंडी ठेवू नका: १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून करारात पाच गोष्टी लिहा: कोणती चित्रं, कोणत्या मालावर, किती वर्षं, कुठे कुठे, आणि नवं उत्पादन काढलं तर जास्तीचे पैसे किती. चित्रकाराचं नाव बरणीच्या मागच्या लेबलवर वाचता येईल एवढ्या अक्षरांत द्या, आणि तेही करारातच लिहून ठेवा.