तुमच्या आईच्या मेथोट्रेक्सेटबद्दल आणि त्या पुड्यांबद्दल

"चार दिवसांत आईच्या बोटांची सूज उतरली" हे तुमचं वाक्य वाचलं आणि पुढची पोस्ट मी जवळपास न वाचताच ओळखली. मामांनी एका केंद्रातून आणलेले विंचवाच्या विषाचे थेंब, सोबत कागदी पुड्या, आमवातावरच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिसवरच्या) मेथोट्रेक्सेट या गोळीने मळमळतं म्हणून आई ती बंद करायची म्हणतायत, आणि कुणी शंका काढली की पुढे केली जाणारी, विंचवाच्या विषावर ह्यूस्टनमध्ये झालेल्या संशोधनाची बातमी. आमच्या सासूबाईंच्या बाबतीत हे सगळं याच क्रमाने झालंय. फक्त मामांच्या जागी आत्याबाई होत्या.

मी डॉक्टर नाही. घरात आमवाताचा पेशंट आणि त्याच्या फायली सांभाळणारी, एवढाच माझा अधिकार. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, फॉलिक ॲसिड, लिव्हरच्या तपासण्या हे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

बातमी खोटी नाही, म्हणून तर तिचा इतका उपयोग करून घेता येतो. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये क्रिस्टीन बीटन यांच्या गटाने २०१८ साली आयबेरिओटॉक्सिनवरचं काम प्रसिद्ध केलं. हा घटक आपल्याच तांबड्या विंचवाच्या विषातला. सांध्याच्या अस्तरात फायब्रोब्लास्ट जातीच्या पेशी असतात. आमवातात त्या चवताळतात आणि कूर्चा-हाड खात सुटतात. या पेशींवर पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या, म्हणजे सूक्ष्म दारं, असतात, आयबेरिओटॉक्सिन त्यांच्या तोंडाशी जाऊन बसतं आणि त्या बंद करतं. उंदरांमध्ये त्याने आजाराचा जोर कमी झाला. त्याच वाहिन्या बंद करणारं पॅक्सिलीन नावाचं दुसरं रसायन दिलं, तर उंदीर थरथरायला लागले, लघवीवरचा ताबा गेला. विंचवाच्या घटकाने तसं झालं नाही, हे त्या कामातलं खरं महत्त्वाचं.

पण ते उंदीर होते. विंचवाच्या विषापासून बनवलेलं, आमवातासाठी मान्यता मिळालेलं एकही औषध आज बाजारात नाही. शिवाय आयबेरिओटॉक्सिन म्हणजे ३७ अमिनो आम्लांची साखळी, एक चिमुकलं प्रथिन. ते गिळलं तर पोट त्याचं तेच करणार जे वरणातल्या प्रथिनाचं करतं. पाण्यातून दहा थेंब घेऊन ते बोटांच्या पेरांपर्यंत पोचेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आणि हा एक घटक म्हणजे अख्खं विष नव्हे. माझं माहेर महाडकडचं. तांबडा विंचू चावलेला माणूस घामाने भिजलेला, हातपाय गार, उलट्या करतोय, आणि मग फुप्फुसात पाणी होऊन धाप लागलीय, हे मी लहानपणी शेजारी पाहिलंय. विषातले दुसरे घटक नसांमधल्या सोडियमच्या वाहिन्या उघड्याच ठेवतात, शरीरात ॲड्रेनलिनचा पूर येतो आणि हृदय थकतं. महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरायला सुरुवात केली, त्याआधी गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस जात. त्यामुळे "नैसर्गिक आहे, अपाय नाही" असं कुणी विंचवाच्या विषाबद्दल म्हणालं, की मला हसावं का रडावं कळत नाही.

मग सूज उतरली कशाने? माझं स्पष्ट मत, पुडीने, म्हणजे तिच्यात गुपचूप मिसळलेल्या स्टेरॉइडने. बाटलीला लेबल होतं, पुडीला काहीच नव्हतं, बरोबर? आमच्याकडेही तसंच. सासूबाई आठवड्याभरात जिना चढायला लागल्या, पुरणपोळ्या लाटल्या. चेहरा गोल झाला, तर पाहुणे म्हणाले तब्येत सुधारली. साखर वाढली, ती वयावर गेली. मग एका लग्नासाठी नागपूरला असताना पुड्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या अंथरुणातून उठेनात. उलट्या, बीपी एकदम खाली. तिथल्या तरुण डॉक्टरने चेहऱ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पुड्या चालू आहेत का?" सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, नावालाच होतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि बाहेरचं अचानक तुटलं की असं होतं.

यानंतर जे झालं त्याचा राग अजून जात नाही. स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं, तर कुठलं आणि किती पोटात जात होतं हे डॉक्टरांना हवं होतं. उरलेल्या पुड्या घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले, नाव घेत नाही. पहिल्या टेबलावर विचारलं, उत्पादक कोण, बॅच नंबर काय, पक्कं बिल कुठाय. म्हटलं, पुडीवर काहीच छापलेलं नाही हीच तर तक्रार आहे. मग सांगितलं, हे आयुर्वेदिक दिसतंय, दुसरीकडे जा. दुसऱ्या टेबलाने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला स्टेरॉइडचा संशय आहे ना? मग ते ॲलोपॅथीत येतं, पहिल्या टेबलाकडे." मधे जेवणाची सुट्टी, मग साहेब दौऱ्यावर, मग अर्ज मराठीत आहे पण विहित नमुन्यात नाही. १९४०च्या औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे औषध विकत घेणाऱ्या साध्या माणसालाही फी भरून ते सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, हे त्या खोलीत एकालाही सांगावंसं वाटलं नाही. मला ते फार नंतर एका ग्राहक चळवळीतल्या बाईंकडून कळलं. तोवर पुड्या देणाऱ्या त्या केंद्राने गाशा गुंडाळला होता. थेंब आमचे, पुडी आमची नाही, एवढंच त्यांचं लेखी उत्तर आलं. पुडीत काय होतं ते कागदावर कधीच आलं नाही. डॉक्टरांना अंदाजाने डोस उतरवावा लागला, आणि त्या काळात सासूबाईंनी जे भोगलं ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट होतं.

म्हणून तुम्हाला, आगाऊपणा वाटला तरी. पुड्या आज रागाने फेकू नका आणि आईंच्या अचानक बंदही करू नका. पुड्या, बाटली, सगळं घेऊन याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांकडे जा आणि सकाळच्या कॉर्टिसॉलबद्दल विचारा. रिपोर्टचा अर्थ मात्र त्यांनाच लावू द्या. मधेच आईंना उलट्या, चक्कर, गळाठा असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ इमर्जन्सीत न्या, आणि पुड्यांचं न विचारता सांगा. मेथोट्रेक्सेट परस्पर सोडू नका. मळमळ होते तर गोळीऐवजी कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं, सासूबाईंना त्याने खूप फरक पडला. सगळ्यांना पडेलच असं नाही. आणि ते औषध जोर धरायला दोन-तीन महिने घेतं. पुडीवाल्यांचा धंदा या दोन-तीन महिन्यांतच चालतो.

चिडचिड याचीही होते की खरं संशोधन नेमकं उलट्या दिशेला चाललंय. अमेरिकेत सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली विंचवातलंच एक प्रथिन दाखवलं, जे कूर्चेत जाऊन साठतं. त्याला त्यांनी स्टेरॉइड जोडलं, म्हणजे औषध सांध्यात पोचावं आणि बाकीच्या शरीराला त्रास होऊ नये. तेही उंदरांतच. तिकडे स्टेरॉइड सांध्यापुरतं ठेवायला विंचू वापरतायत, इकडे विंचवाचं नाव सांगून तेच अख्ख्या शरीरात ओततायत.

केंद्राची जाहिरात छापील असेल तर जपून ठेवा. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाचे दावे करायला बंदी आहे, त्या यादीत संधिवात आहे. पुढचे पैसे द्यायची वेळ आलीच तर यूपीआयने द्या आणि नोंदीत 'पुड्या' असं लिहा, म्हणजे पुरावा राहील, रोख नको. आणि मामांशी आत्ता भांडू नका. आधीची पावती बहुतेक त्यांच्याच नावावर असेल, ती तक्रारीला लागणार आहे.