आजीचा ‘डिस्को’

प्रश्न असा आला आहे : ‘वरातीत बँडवर गाणं कुठलंही वाजत असो, माझी आजी म्हणते, पोरांनी काय डिस्को केला! डिस्को हा संगीताचा प्रकार आहे ना? मग हा वापर चुकीचा नाही का? आणि डिस्को केला की केली?’

आजींचं काहीही चुकत नाही. चूक म्हणायचीच तर या शब्दाच्या प्रत्येक मुक्कामावर कुणी ना कुणी ती केलेली आहे.

मूळ फ्रेंच शब्द डिस्कोथेक. तो बिब्लिओथेक, म्हणजे ग्रंथालय, या शब्दाच्या धर्तीवर बनला. अर्थ साधा : ग्रामोफोनच्या तबकड्यांचा संग्रह. पुढे वादकांऐवजी तबकड्या लावून जिथे नाचतात, त्या जागेला डिस्कोथेक म्हणू लागले. यातला ‘थेक’ मला फार आवडतो. ग्रीकमध्ये ‘थेके’ म्हणजे ठेवण्याची पेटी, आणि त्याचा धातू आपल्या संस्कृत ‘धा’चा सख्खा भाऊ. ‘निधी’ आणि ‘निधान’ त्याच ‘धा’पासून आले. ‘डिस्क’कडचं गोत तर थेट स्वयंपाकघरात पोचतं. ग्रीक ‘डिस्कोस’ ही फेकायची थाळी, म्हणजे आपल्या थाळीफेकीतली. तीच लॅटिनमधून इंग्रजीत जाऊन ‘डिश’ झाली. वरणभाताची डिश आणि डिस्को एकाच घरातले!

अमेरिकेत शब्द आखडून ‘डिस्को’ झाला आणि जागेवरून संगीतावर सरकला. 1977च्या डिसेंबरात ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ हा चित्रपट आला आणि ब्रुकलिनमधल्या एका क्लबातला नाच जगभर पोचला. पण 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. ज्या शब्दाच्या पोटात तबकड्या जपून ठेवण्याचा अर्थ आहे, त्याच्या नावाने तबकड्या फोडल्या जाव्यात, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे मात्र तेव्हा डिस्को अजून यायचा होता. 1980च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसनचा आवाज आला, 1982मध्ये मिथुन चक्रवर्तींचा ‘डिस्को डान्सर’. क्लब फार थोड्यांनी पाहिला होता, पडद्यावरचा नाच सगळ्यांनी. म्हणून आपल्या लोकांनी शब्द लावला तो नाचालाच. त्यातही अशा नाचाला, ज्याच्या पायऱ्या कुणी शिकवलेल्या नसतात. लावणीला अदा हवी, लेझमीला ताल आणि रांग हवी, फुगडीला जोडीदारीण हवी. यातलं काहीच न लागणाऱ्या, अंगाला येईल तसं नाचण्याला सुटसुटीत नाव हवं होतं, ते ‘डिस्को’ने दिलं. मग तो मंडपातल्या रंगीत दिव्यांनाही चिकटला, दांडियालाही. आजींचा अर्थ या वाटेने आला आहे, आणि माझ्या मते तोच अस्सल मराठी अर्थ आहे.

लिंगाचं म्हणाल तर ‘डिस्को केला’ हेच बरोबर. ‘बायको’ आपली, ती स्त्रीलिंगी. पण बाहेरून आलेले ओकारान्त शब्द मराठी बहुधा पुल्लिंगी करते : फोटो काढला, रेडिओ लावला, पियानो वाजवला. शिवाय ‘नाच’ही पुल्लिंगीच. सामान्यरूपात शब्द बदलत नाही : डिस्कोत, डिस्कोचा, डिस्कोला.