जलरंगांनी खरंच मन शांत होतं का? माझी तर चिडचिडच वाढते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दिवसभर स्क्रीनसमोर काम, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात उद्याची यादी सुरू, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून जलरंगांची पेटी आणलीत. मोबाइलवर बघून चार चित्रं काढलीत आणि चारही वेळा चिखल झाला. आता विचारताय की यात मन शांत होतं ते नक्की कोणाचं, आणि शाळेत चित्रकलेत जेमतेम पास होणाऱ्या बाईने यात वेळ घालवावा का.

घालवा. अगदी मनापासून सांगते. आणि ती चिडचिड कुठून येतेय याचाही मला अंदाज आहे, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. तुम्ही रंग वाळू देत नाही आहात.

मी चित्रकार नाही, नाशिकला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. २०१९ च्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलायची होती. दिवसा कामाला बाई होती, रात्रीची पाळी माझी. अकरा, एक, तीन, पाच. मधल्या वेळात झोप लागायची नाही, आणि लागलीच तर गजराने छातीत धस्स व्हायचं. मग खुर्चीत बसून फोन चाळत राहायचे. पहाटेपर्यंत डोळे चुरचुरायचे आणि डोकं इतकं गच्च व्हायचं की आईने काही खुणावलं तरी मी तिच्यावर खेकसायचे. ते अजून मनाला लागतं.

लेकीची इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळची रंगपेटी कपाटात पडून होती. एका रात्री ती काढली आणि खिडकीतून दिसणारं समोरच्या गच्चीवरचं आभाळ रंगवायला बसले. निळा लावला. बरा दिसेना, म्हणून त्यावर परत ब्रश फिरवला. तिथे पांढुरका डाग पडला, तो झाकायला अजून रंग घेतला. दहा मिनिटांत कागदाला लव सुटली आणि आभाळाचं पोतेरं झालं. असे किती कागद गेले ते मोजलं नाही.

आमच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहतात. आईला बघायला आले तेव्हा टेबलावरचे कागद त्यांनी उलटून पाहिले आणि म्हणाले, "ताई, रंग ठीक आहेत तुमचे. कागदाला उसंत देत नाही तुम्ही." मग तिथेच त्यांनी एक चौकोन निळा करून दाखवला, ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. मीही बसले. काही बोलले नाहीत. कागदावरची चकाकी जाईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

ती चकाकी नीट बघायला शिकणं, एवढाच माझ्या मते जलरंगातला मन शांत करणारा भाग आहे. ओल्या कागदावर दिव्याचा उजेड पडला की काचेसारखा पट्टा दिसतो. पाणी जिरायला लागलं की तो पट्टा कडेने तुटतो, मधे मधे विझतो, आणि एका क्षणी कागदाचे खवले दिसायला लागतात. त्या वेळात निळा स्वतःच हलत असतो. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि बारीक रवाळ पोत येतो. तो तुम्ही आणलेला नसतो. तुम्ही फक्त बघत असता. आणि बघताना लक्षात येतं की गेली चार-पाच मिनिटं उद्याची यादी डोक्यात आलीच नाही. मुद्दाम विचार थांबवायचा प्रयत्न केला असता तर तो थांबला नसता. इथे डोळ्यांना खरं काम असतं, कारण चकाकी कधी गेली हे चुकवून चालत नाही.

चुकवलं तर काय होतं ते तुम्ही चार वेळा पाहिलं आहे. रंग अर्धवट वाळलेला असताना वरून ओला ब्रश टेकवला की नवं पाणी आधीच्या रंगाला ढकलत बाहेर नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षीदार कड उमटते. ओट्यावर सांडलेल्या चहाचा डाग वाळल्यावर कडेला गडद होतो ना, साधारण त्यातलाच प्रकार. म्हणून जलरंगात हात घालायच्या वेळा दोनच: कागद चकाकत असताना, किंवा पूर्ण कोरडा झाल्यावर. मधला काळ हात आवरायचा. कोरडा झाला का हे बघायला बोटांची मागची बाजू हलकेच टेकवा. गार लागला तर अजून आत ओल आहे.

मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दल माझी तक्रार इथेच आहे. अर्ध्या मिनिटात आभाळ, डोंगर, झाडं, होडी सगळं होतं, कारण वाळण्याचा सगळा वेळ कापलेला असतो. जो भाग तुमच्या कामाचा होता तोच काढून टाकलेला. तो बघून तुम्ही त्या वेगाने रंगवायला गेलात आणि वाटलं की आपल्यालाच येत नाही. शिकायला व्हिडिओ बघायचाच तर पूर्ण लांबीचा बघा, ज्यात माणूस कागदाकडे बघत गप्प बसलेलाही दिसतो.

आईबद्दल एक सांगते. एकदा तीनच्या पाळीनंतर तिला झोप येईना, म्हणून बोर्ड तिच्या पलंगावरच उशीला टेकवून तिरका ठेवला आणि करडा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, सोडला. ती बघत होती. वरून खाली चकाकी उतरत गेली तशी तिची नजर उतरत गेली. मग तिने डावा हात उचलला आणि बोट कागदाच्या खालच्या कडेकडे केलं. मला आधी वाटलं पाणी हवंय. पण तिथे, टेपच्या कडेला, रंगाचा एक टपोरा थेंब साचला होता. तो तसाच राहिला असता तर वरचं वाळल्यावर उलटा चढून सगळं बिघडवणार होता. मी पिळलेल्या ब्रशाच्या टोकाने तो टिपून घेतला. तिने हात खाली ठेवला. झटका आल्यापासून पहिल्यांदा तिने मला काही दाखवलं होतं आणि ते मला कळलं होतं. त्यानंतर पुढची दीड वर्षं, ती असेपर्यंत, थेंबाची जबाबदारी तिची होती.

याला शास्त्रीय आधार आहे का, असंही तुम्ही विचारलं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते कलाकाम करायला दिलं आणि आधी व नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालेलं आढळलं. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे आधी चित्रकला येत होती की नाही, याने विशेष फरक पडला नाही. मात्र अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि साहित्य मार्कर, माती आणि कोलाजचं होतं, जलरंग नव्हते. तेव्हा त्यावर फार मोठा इमला मी बांधणार नाही. माझा भरवसा त्या वाळत्या कागदावर आहे.

सामानाचं थोडक्यात. पैसे कागदावर घाला, रंगांवर नाही. साध्या चित्रकलेच्या वहीचा कागद पाणी पडलं की फुगतो, तळी साचतात, आणि मग शांतपणे बसायला काही उरतच नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), खरबरीत कागद घ्या, कॉटनचा मिळाला तर उत्तम. २२ बाय ३० इंचांचं एक पूर्ण शीट घेऊन त्याचे १६ तुकडे केले की साडेपाच बाय साडेसातचे छान हाताळण्याजोगे कागद होतात. त्या एका शीटमध्ये तुमचे दोन आठवडे निघतील. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था माहीत असेल, १९४० पासूनची. तिथल्या कागदाला वेगवेगळा पोत असतो, पण आधी एका तुकड्यावर पाणी सोडून बघा, काही कागद लगेच शोषून घेतात. ब्रश एकच, गोल, ८ किंवा १० नंबरचा, टोक जुळणारा. रंग तीन पुरेत: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिले दोन मिसळले की पावसाळी ढगाचा जो करडा येतो तो पेटीतल्या काळ्यातून कधी येणार नाही. याशिवाय परीक्षेचं पॅड, मास्किंग टेप, पाण्याची दोन भांडी आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. रंगाचं भांडं चहाच्या कपापासून लांब ठेवा आणि टोक जुळवायला ब्रश ओठांत धरू नका, काही रंगांत जड धातू असतात.

पहिला आठवडा चित्र काढूच नका. रोज एक चौकोन, एकच वॉश. कागद टेपने चारी बाजूंनी पॅडवर चिकटवा, पॅडखाली एक पुस्तक घालून थोडा उतार द्या, वाटीत भरपूर रंग कालवून घ्या आणि वरून आडवे पट्टे ओढत खाली या. प्रत्येक पट्ट्याने आधीच्या पट्ट्याखालचा थेंब उचलायचा. शेवटचा थेंब टिपून घ्यायचा. मग हात मांडीवर. दुसऱ्या आठवड्यात वाळलेल्या चौकोनावर दुसरा थर. इथे तुम्हाला एक गोष्ट दिसेल जी मला अजून दर वेळी नवी वाटते: खालचा थर वरच्यातून दिसत राहतो. हातात दिवा घेतलेल्या, तळव्याने ज्योत झाकणाऱ्या मुलीचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे.

वाळायला किती वेळ लागतो याचं उत्तर ऋतू देतो. मे महिन्यात गोदाघाटावर बसलं तर दुसरा पट्टा ओढेपर्यंत पहिला वाळलेला असतो, तिथे कागद मागूनही भिजवून घ्यावा लागतो. श्रावणात माझ्या खोलीत एक वॉश अर्धा-पाऊण तास घेतो. सुरुवात पावसाळ्यात केलीत तर बरं, आयताच जास्त वेळ मिळतो. हेअर ड्रायर मात्र आणू नका. चित्रकार वापरतात, त्यांना काम संपवायचं असतं. तुम्हाला नाही.

आता मी महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी घाटावर जाते. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांमुळे हा घाट चित्रांत बघायची आमच्याकडे डोळ्यांना सवय आहे, तरी मी बहुतेक वेळा तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी येणारं पाणीच रंगवते. बाकीचं जमतं तेवढं.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. झोप न येणं आठवड्यांमागून आठवडे चालू असेल, जेवण तुटलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटण्यापर्यंत विचार जात असतील तर रंगांच्या आधी डॉक्टर. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः त्या काळात डॉक्टरांकडे गेले होते आणि काही महिने गोळीही घेतली. रंग त्याच्या सोबतीला होते.

तेव्हा आज रात्री जेवणं उरकली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एक चौकोन निळा करा. पंखा बंद ठेवा, नाहीतर एकच बाजू आधी वाळते. आणि परत चिखल झालाच तर इथेच लिहा, फक्त कागद कोणता होता आणि चकाकी गेल्यावर, पूर्ण वाळायच्या आधी ब्रश परत किती वेळा टेकवलात, तेवढं आठवून सांगा.