सात वर्षांहून जास्त काळ बेपत्ता असलेल्या माणसाच्या मृत्यूचा दाखला पुण्यात कसा मिळतो?

काका २०१६ पासून बेपत्ता आहेत आणि महापालिका दाखला देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. महापालिकेचं चुकलेलं नाही. सात वर्षं उलटली की दाखला आपोआप निघत नाही, त्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा लागतो. शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा (काका मृत आहेत असं कोर्टाने जाहीर करावं, असा दावा) लावायचा आणि हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रत जन्म-मृत्यू नोंदणीत द्यायची.

आधार भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ (जुन्या पुरावा कायद्यातलं १०८). ज्यांना एरवी खबर लागलीच असती, त्यांनाच सात वर्षं काही कळलं नसेल, तर माणूस जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. म्हणून घरच्यांची साक्ष लागते, पण खरी मदार पोलिसांच्या कागदांवर. मिसिंगच्या नोंदीची प्रत आणि शोध लागला नसल्याचं ठाण्याचं पत्र आधी हातात घ्या. वर्तमानपत्रातल्या 'हरवले आहेत'चं जुनं कात्रण असेल तर तेही जोडा. नोंदच केली नसेल तर आज करा, पण केस लंगडी पडते.

लोक हमखास फसतात ते तारखेत. मृत्यू गृहीत धरला जातो, त्याची तारीख नाही. बेपत्ता झाले तोच मृत्यूचा दिवस, असं कोर्ट पुराव्याशिवाय मानत नाही. आयुर्विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हेच सांगितलं. मधल्या काळात हप्ते थांबून पॉलिसी बंद पडली असेल, तर पूर्ण रकमेची आशा धरू नका. चालू असेल तर निकालापर्यंत हप्ते भरत राहा.